घरच्या जलतरण तलावासाठी क्लोरीनकडे वळताना: जुने द्रव्य आधी निघायला हवे

गोव्यात बंगले, व्हिला आणि निवासी संकुले यांच्या आवारातील जलतरण तलाव ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. यांतील काही तलाव सुरुवातीपासून क्लोरीनवर चालतात. काहींमध्ये मात्र क्लोरीनचा वास आणि डोळ्यांची जळजळ टाळण्यासाठी ब्रोमीन, बायग्वानाइड, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तांबे व चांदीचे आयन सोडणारे यंत्र वापरले जाते. काही वर्षांनी हे द्रव्य महाग वाटू लागते, वेळेवर मिळत नाही किंवा त्याला न जुमानता पाण्यात शेवाळ धरते. मग मालक क्लोरीनकडे वळतो. हा बदल योग्य असू शकतो. परंतु जुने द्रव्य पाण्यात असतानाच क्लोरीन ओतला, तर बहुधा दोन्ही वाया जातात, पाणी रंगते आणि काही काळ तलावाला कोणतेच जंतुनाशक संरक्षण उरत नाही. धोका या मधल्या काळात असतो.

उबदार गोड्या पाण्यात वाढणाऱ्या नेग्लेरिया फौलेरी या अमीबाचा संसर्ग दुर्मीळ, पण बहुतेक वेळा प्राणघातक असतो. पाणी नाकात शिरून तो मेंदूपर्यंत पोहोचतो. २०२४ मध्ये केरळमध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराने मुलांचे बळी गेले आणि तेथील शासनाने तलावांचे क्लोरिनीकरण काटेकोरपणे करण्याच्या सूचना दिल्या. गोव्याचे हवामान केरळहून फारसे वेगळे नाही. निळेशार दिसणारे पाणी सुरक्षित असेलच असे नाही. ते चाचणीनेच ठरते.

क्लोरीनचे काम कसे चालते

पाण्यात क्लोरीन मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. जंतू मारण्याचे मुख्य काम हे आम्ल करते. पाण्याचा पीएच जसजसा वाढतो, तसतसे या आम्लाचे प्रमाण घटते. पीएच ७.२ असताना मुक्त क्लोरीनचा सुमारे दोन-तृतीयांश भाग या प्रभावी रूपात असतो, तर पीएच ८ झाला की जेमतेम एक-चतुर्थांश उरतो. म्हणून क्लोरीनची मात्रा ठरवण्याआधी पीएच ७.२ ते ७.६ या पट्ट्यात आणावा.

तलावाच्या पाण्यात दोन प्रकारचा क्लोरीन मोजावा लागतो. कामासाठी मोकळा असलेला तो मुक्त क्लोरीन. घाम, मूत्र यांतील नत्रयुक्त पदार्थांशी बांधला गेलेला तो संयुक्त क्लोरीन. ज्याला लोक क्लोरीनचा वास म्हणतात, तो बव्हंशी संयुक्त क्लोरीनचा असतो. उग्र वास हे क्लोरीन जास्त झाल्याचे नव्हे, तर बहुधा तो कमी पडल्याचे लक्षण होय. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार तलावात मुक्त क्लोरीन प्रति लिटर किमान १ मिलिग्रॅम असावा आणि पाण्यात सायन्युरिक आम्ल असल्यास तो किमान २ मिलिग्रॅम ठेवावा. तुलनेसाठी, पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीनची अपेक्षा ठेवते.

आधी तलावात काय होते?

बदलाची रीत पूर्वीच्या द्रव्यावर अवलंबून असते. म्हणून पहिले पाऊल म्हणजे जुन्या डब्यांवरील घटकांची नावे वाचणे. घर विकत घेतले असेल, तर तलावाची निगा राखणाऱ्या माणसाकडून ही माहिती मिळवावी.

मिठाचा तलाव हा मुळात क्लोरीनचाच तलाव असतो. त्यातील यंत्र विजेच्या साह्याने मिठापासून क्लोरीन तयार करते. असे यंत्र बंद करून हाताने क्लोरीन घालायचा असेल, तर पाणी बदलण्याचे कारण नाही. केवळ पीएच आणि सायन्युरिक आम्ल मोजून पुढे जाता येते.

ओझोन आणि अतिनील किरण यांच्या यंत्रांचा परिणाम पाणी यंत्रातून जाते तेवढ्यापुरताच असतो. तलावात टिकून राहणारे संरक्षण त्यांतून मिळत नाही. येथेही क्लोरीन थेट सुरू करता येतो. ही यंत्रे चालू ठेवली, तर क्लोरीनचा काही भाग ती नष्ट करतात हे मात्र ध्यानात ठेवावे.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोरीन एकमेकांना संपवतात. प्रति लिटर १ मिलिग्रॅम पेरॉक्साइड सुमारे २.१ मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकते आणि त्यातून मीठ, पाणी व प्राणवायू एवढेच उरते. पेरॉक्साइड उन्हात आपोआप विरत असल्याने चाचणीपट्टीवर ते शून्याजवळ येईपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

बायग्वानाइड, म्हणजे पॉलिहेक्सामेथिलीन बायग्वानाइड, हे सर्वांत किचकट प्रकरण. ते साधारणतः प्रति लिटर ३० ते ५० मिलिग्रॅम ठेवले जाते आणि त्याच्या जोडीला पेरॉक्साइड वापरतात. क्लोरीनशी त्याचे मुळीच जमत नाही. दोन्ही एकत्र आले की पाणी पिवळट, हिरवट किंवा तपकिरी होते, चिकट गाळ बनतो आणि गाळणी तुंबते. क्लोरीनने त्याचा पूर्ण नाश करणे हाच उपाय असून त्याला काही दिवसांपासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

ब्रोमीनच्या तलावात निराळीच अडचण येते. वापरलेला ब्रोमीन ब्रोमाइडच्या रूपात पाण्यातच राहतो. नव्याने घातलेला क्लोरीन या ब्रोमाइडचे पुन्हा ब्रोमीनमध्ये रूपांतर करतो. मालकाच्या समजुतीप्रमाणे तलाव क्लोरीनचा झालेला असतो. पाण्याच्या लेखी तो ब्रोमीनचाच राहतो. नेहमीची गुलाबी रंगाची चाचणी दोघांनाही सारखाच रंग दाखवत असल्यामुळे ही चूक लक्षात येत नाही. शिवाय सायन्युरिक आम्ल क्लोरीनचे उन्हापासून रक्षण करते, ब्रोमीनचे करत नाही. त्यामुळे उघड्या तलावात द्रव्य रोज वाया जाते. ब्रोमाइड काढण्याचा व्यवहार्य मार्ग एकच, पाणी बदलणे.

तांबे आणि चांदी सोडणाऱ्या यंत्रामुळे पाण्यात धातू साठतात. क्लोरीनची मोठी मात्रा एकदम पडली किंवा पीएच चढला, की तांबे भिंतींवर आणि पायऱ्यांवर डागांच्या रूपाने बसते. प्रथम यंत्र बंद करावे, तांब्याची चाचणी करावी, पीएच ७.२ च्या आसपास ठेवावा आणि क्लोरीन थोडा थोडा वाढवावा. तांबे जास्त आढळल्यास पाण्याचा काही भाग बदलणे हितावह.

बादलीतील चाचणी

सबंध तलावावर प्रयोग करण्यापूर्वी तलावातील २० लिटर पाणी पांढऱ्या प्लास्टिकच्या बादलीत घ्यावे आणि त्यात १० टक्के शक्तीचे सोडियम हायपोक्लोराइट ३ मिलिलिटर मिसळावे. त्यामुळे बादलीत प्रति लिटर सुमारे १५ मिलिग्रॅम क्लोरीन होतो. बादली सावलीत ठेवून दुसऱ्या दिवशी पाणी पाहावे. रंग पालटून गाळ बसला, तर बायग्वानाइड किंवा धातू शिल्लक आहेत. पाणी स्वच्छ असूनही क्लोरीन नाहीसा झाला असेल, तर पेरॉक्साइड किंवा सेंद्रिय मळ आहे. बहुतेक क्लोरीन टिकून असेल, तर तलाव बदलाला तयार आहे.

विहिरीच्या पाण्यावर भरलेल्या तलावांसाठी ही चाचणी विशेष उपयोगी ठरते. जांभ्याच्या जमिनीतील पाण्यात अनेक ठिकाणी लोह असते. क्लोरीन पडताच त्याचा तांबूस गाळ बनतो. त्याचा दोष जुन्या जंतुनाशकाला देऊन मालक भलतेच उपाय करू लागतो. जांभ्यातील पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते, त्याची क्षारता कमी असते आणि म्हणून पीएच स्थिर राहत नाही. तलावात एकूण क्षारता प्रति लिटर ८० ते १२० मिलिग्रॅम असणे बरे. ती वाढवण्यासाठी खाण्याचा सोडा पुरतो.

मात्रेचे गणित

तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.५ मीटर खोल असेल, तर त्यात ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर पाणी मावते. प्रति लिटर १ मिलिग्रॅम क्लोरीनसाठी अशा तलावाला ४८ ग्रॅम क्लोरीन लागतो. १० टक्के सोडियम हायपोक्लोराइटमधून तो मिळवायचा तर सुमारे ४८० मिलिलिटर, ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइटमधून सुमारे ७४ ग्रॅम आणि ३३ टक्के ब्लीचिंग पावडरमधून सुमारे १४५ ग्रॅम घ्यावे लागते. ब्लीचिंग पावडर स्वस्त असली तरी तिच्यातील चुन्याचा गाळ तलावात उतरतो. तिचे द्रावण करून, निवळू देऊन वरचे पाणीच वापरावे. सोडियम हायपोक्लोराइट उन्हाने आणि उष्णतेने लवकर निकामी होते, म्हणून ताजा माल घेऊन सावलीत ठेवावा. याच तलावाची क्षारता १० मिलिग्रॅमने वाढवायला सुमारे ८०० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो.

पाण्यात प्रति लिटर ३० मिलिग्रॅम पेरॉक्साइड असताना घाई केली, तर केवळ ते संपवण्यासाठी सुमारे ३ किलो क्लोरीन, म्हणजे ३० लिटर हायपोक्लोराइट खर्ची पडेल. ते आपोआप विरेपर्यंत थांबायला काही पडत नाही. या काळात कोणीही पोहू नये. पंप मात्र चालू ठेवावा. साचलेले पाणी म्हणजे डासांना निमंत्रण.

बायग्वानाइडच्या तलावात पेरॉक्साइड विरल्यानंतर मुक्त क्लोरीन प्रति लिटर १५ मिलिग्रॅमपर्यंत चढवावा. वरील तलावासाठी ही मात्रा हायपोक्लोराइटचे ७.२ लिटर होते. सुरुवातीला हा क्लोरीन काही तासांतच संपतो. दिवसातून अनेकदा मोजून तो पुन्हा १५ वर आणावा, पंप अहोरात्र चालवावा आणि दाब वाढला की गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी. एवढ्या मात्रेला साधी गुलाबी चाचणी फसवते, कारण तीव्र क्लोरीन रंगच उडवून टाकतो आणि नळीत शून्य दिसते. अशा वेळी तलावातील पाण्याच्या एका भागात चार भाग ऊर्ध्वपातित पाणी मिसळून मोजावे आणि आलेल्या आकड्याला पाचने गुणावे.

काम पूर्ण झाल्याच्या खुणा तीन आहेत. पाणी इतके नितळ हवे की सर्वांत खोल भागातील तळाची जाळी स्पष्ट दिसावी. संयुक्त क्लोरीन ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवा. आणि सूर्यास्तानंतर मोजलेला मुक्त क्लोरीन सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजला असता घट १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. रात्री ऊन नसते. तेव्हा रात्रीत झालेली घट म्हणजे पाण्यात अजून काहीतरी क्लोरीन खात असल्याचा पुरावा. तिन्ही खुणा पटल्या की गाळणीतील वाळू बदलावी. जुन्या वाळूत अडकलेले बायग्वानाइड पाण्यात परत येत राहते.

पाणी बदलायचे, पण तलाव रिकामा करायचा नाही

ब्रोमाइड, तांबे किंवा वाढलेले सायन्युरिक आम्ल यांच्यासाठी पाणी बदलावे लागते. येथे गोव्यातील मालकाने एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने भूजल वर आलेले असते. अशा वेळी तलाव पूर्ण उपसला, तर आतील पाण्याचे वजन नाहीसे होते आणि बाहेरून भूजलाचा दाब तळावर येतो. तळ उचलला जाणे, भिंतींना तडे जाणे, फरशा उखडणे हे त्याचे परिणाम. किनाऱ्यालगतच्या आणि सखल भागांत हा धोका अधिक.

परंतु तोच पावसाळा एक सोय करून देतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. सरासरी १.५ मीटर खोलीच्या उघड्या तलावावर पडणारे हे पाणी तलावाच्या आकारमानाच्या दुप्पट होते. तलाव काठोकाठ ठेवून, पंप चालवून पावसाचे पाणी नीट मिसळू दिले आणि जादा पाणी वाहून जाऊ दिले, तर हंगामाअखेर जुन्या विरघळलेल्या द्रव्याचा साधारण सातवा हिस्सा उरतो. उन्हाळ्यात भूजल खाली गेल्यावर एक-तृतीयांश पाणी तीन वेळा बदलले, तर त्या उरलेल्याचाही तीन-दशांश भागच राहतो. ब्रोमीनचा तलाव असा टप्प्याटप्प्याने पालटता येतो. तोपर्यंत तो ब्रोमीनचाच मानावा आणि ब्रोमीनची पातळी प्रति लिटर किमान ३ मिलिग्रॅम राखावी. पावसाचे पाणी क्षारताही धुऊन नेते. म्हणून पावसाळ्यात पीएच आणि क्षारता आठवड्यातून किमान दोनदा तपासावी, अन्यथा आम्लधर्मी पाणी फरशांमधील सांधे पोखरते.

उपसलेले पाणी विहिरीजवळ, शेतात, खाजन बांधाच्या आत किंवा ओहोळात सोडू नये. क्लोरीन आणि तांबे माशांना घातक आहेत. पाणी काही दिवस उन्हात राहू देऊन क्लोरीन शून्यावर आल्याची खात्री करावी. तांबे मात्र उन्हाने जात नाही. तसे पाणी कुठे सोडायचे हे स्थानिक संस्थेला विचारूनच ठरवावे.

घाटापलीकडचे गणित

घाट ओलांडला की हा हिशेब बदलतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हुबळीत वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढ्याने १.५ मीटर खोल तलावातील जुन्या द्रव्याचा तीन-पंचमांश भाग तसाच राहील. तेथे पाणी बदलण्याचा भार टँकरवर किंवा कूपनलिकेवर पडणार, म्हणून न उपसता करता येणारे उपाय आधी संपवावे लागतात.

दाजीबानपेठेसारख्या हुबळीच्या जुन्या, दाट बाजारवस्तीत घरगुती जलतरण तलावाचा प्रश्नच येत नाही. साठवणुकीच्या टाकीचा मात्र येतो. शहराला मलप्रभेवरील रेणुकासागर जलाशयाचे आणि नीरसागर तलावाचे पाणी मिळते. जेथे नळाला रोज पाणी येत नाही, तेथे ते घरच्या टाकीत दिवसच्या दिवस राहते आणि त्यातील क्लोरीन विरून जातो. उन्हाळ्यात पाणी साठवणाऱ्या गोव्यातील घरांचीही स्थिती हीच. टाकी पेरॉक्साइडयुक्त द्रवाने धुतली असेल, तर ती स्वच्छ पाण्याने खळबळून घेतल्याशिवाय क्लोरीन घालणे व्यर्थ होय. २,००० लिटरच्या टाकीत प्रति लिटर १ मिलिग्रॅमसाठी फक्त २ ग्रॅम क्लोरीन लागतो. त्यासाठी पिण्याच्या पाण्याकरिता प्रमाणित द्रव्यच वापरावे आणि अर्धा तास थांबावे. जलतरण तलावाच्या गोळ्या पिण्याच्या टाकीत कधीही टाकू नयेत.

उन्हापासून संरक्षण आणि गोळ्यांचा मोह

उघड्या तलावातील क्लोरीन कडक उन्हात काही तासांत संपतो. प्रति लिटर ३० ते ५० मिलिग्रॅम सायन्युरिक आम्ल त्याला टिकवून धरते. बायग्वानाइडचा नाश पूर्ण होईपर्यंत मात्र ते घालू नये, कारण त्याने क्लोरीनची क्रिया मंदावते. बाजारात मिळणाऱ्या ट्रायक्लोरच्या गोळ्यांत क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही असते. प्रति लिटर १० मिलिग्रॅम क्लोरीनमागे ते सुमारे ६ मिलिग्रॅमने वाढते. ते उन्हाने उडत नाही, गाळणीत अडकत नाही आणि कोरड्या हंगामात साठतच जाते. शिवाय या गोळ्या आम्लधर्मी असल्याने गोव्याच्या मृदू पाण्याची क्षारता आणखी घटते. सायन्युरिक आम्ल ५० च्या पुढे गेले, की गोळ्या थांबवून द्रव हायपोक्लोराइट वापरावे.

न मोडण्याचे नियम

ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कोरडे एकत्र आले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. दोन्हींसाठी एकच माप, एकच बादली किंवा गोळ्यांचे एकच यंत्र वापरू नये. जुने ब्रोमीनचे यंत्र नव्या गोळ्यांसाठी वापरायचे नाही. हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो; पीएच कमी करण्याचे आम्ल आणि क्लोरीन यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे आणि दोन्ही वेगवेगळ्या खोलीत साठवावे. भुकटी नेहमी पाण्यात टाकावी, भुकटीवर पाणी ओतू नये. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. पंपाच्या बंदिस्त खोलीत द्रावणे मिसळू नयेत. वायू सुटल्यास वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जावे आणि श्वासाचा त्रास होत असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पोहायला केव्हा उतरावे

वरच्या तिन्ही खुणा पटल्यानंतर मुक्त क्लोरीन साधारण २ ते ४ मिलिग्रॅमवर उतरू द्यावा, पीएच ७.२ ते ७.६ असल्याची खात्री करावी आणि सलग दोन दिवस हे आकडे टिकले तरच तलाव खुला करावा. लहान मुलांना त्यानंतरच उतरू द्यावे. मालक बाहेरगावी आणि देखभाल दुसऱ्याच्या हाती अशी गोव्यातील अनेक घरांची स्थिती असते. तेथे पंपाच्या खोलीत एक वही ठेवावी: तारीख, वेळ, मुक्त क्लोरीन, संयुक्त क्लोरीन, पीएच, घातलेले द्रव्य आणि त्याची मात्रा. जुन्या जंतुनाशकाचे उरलेले डबे त्याच दिवशी त्या खोलीतून हलवावेत. नव्याने कामावर आलेल्या माणसाच्या हाती ते पडले, तर महिनाभराचे काम एका मापात वाया जाते.